अडीच एकर माळावर सहा होल पुरेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर-पन्हाळा रस्त्याला, वाघबीळच्या अलीकडे अडीच एकर माळ आहे. पश्चिमेला घर आणि पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या, उत्तरेला घरचाच ऊस, दक्षिणेला बांधापलीकडे शेजाऱ्याचा भुईमूग, पूर्वेला ओढा, मधोमध आंब्याची सात झाडं. जमीन ओढ्याकडे किंचित उतरती. येणारे पाहुणे म्हणजे कुटुंबं, आजी-आजोबांपासून तिसरी-चौथीतल्या पोरांपर्यंत, आणि त्यांच्यातल्या कुणीही आजवर फ्रिस्बीसारखी ती डिस्क हातात धरलेली नाही. अशांसाठी नऊ होलचा डिस्क गोल्फ कोर्स करायचा आहे, तर आखणी कशी करावी, बास्केट कुठून आणाव्यात आणि डिस्क कुठल्या घ्याव्यात?

आधी तो नऊचा आकडा डोक्यातून काढा. सहा करा.

अडीच एकर म्हणजे शंभर गुंठे, साधारण १०,१०० चौरस मीटर. तुम्ही दिलेल्या मापाने तुकडा १५५ मीटर लांब आणि ६५ मीटर रुंद भरतो. नवख्यांचा होल, म्हणजे टीपासून (जिथून पहिली फेक करायची ती जागा) बास्केटपर्यंतचा पट्टा, सरासरी ४० मीटरचा धरा. टीच्या मागे थांबायला जागा, बास्केटच्या पलीकडे घसरत गेलेल्या डिस्कला जागा आणि दोन्ही अंगांना दहा-दहा मीटर मोकळं सोडलं, की एका होलला ६० बाय २० मीटर लागतात, म्हणजे १,२०० चौरस मीटर. नऊ होलचे झाले १०,८००. जमीन कागदावरच संपली, आणि यात झाडं, पायवाट, अंगण, उसाकडेची पट्टी काहीच धरलेलं नाही. सहा होलना ७,२०० लागतात. उरलेल्या जागेत माणसांना जीव मुठीत न धरता चालता येतं. डिस्क दिसायला खेळण्यातली वाटते, पण पावणेदोनशे ग्रॅमचं कडक प्लास्टिक कानशिलावर बसलं तर पाहुणे जेवायच्या आधीच दवाखान्यात जातील.

सहा होल कमी वाटतात हे मान्य. पण चौघांचा गट सहा होल अर्ध्या-पाऊण तासात संपवतो, आणि नवख्या कुटुंबाचा उत्साह साधारण तेवढाच टिकतो. ज्यांना हौस उरते ते दुसरी फेरी मारतात. दुसऱ्या फेरीला टी बदलली की तेच सहा होल बारा होतात. त्यावर पुढे येतो.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी दोन ओळी. गोल्फसारखंच, फक्त चेंडू आणि काठीच्या जागी हातातली डिस्क. टीवरून फेकायची, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केटमध्ये कमीत कमी थ्रोमध्ये टाकायची. ही साखळ्यांची बास्केट एड हेड्रिक या अमेरिकन माणसाची. फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत तो कामाला होता. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स झाला तेव्हा बास्केट नव्हत्याच, नुसते खांब होते. डिस्क खांबाला लागली की नाही यावरून वाद व्हायचे, म्हणून त्याने साखळ्या आणल्या. ही खांबाची गोष्ट लक्षात ठेवा, तुमचे पैसे वाचवायला ती कामाला येणार आहे.

आता आखणी. बहुतेक जण टीवर उभे राहून बास्केटकडे बघतात आणि छान सरळ गेलेला थ्रो मनात धरून होल आखतात. नवख्यांच्या कोर्समध्ये तसा थ्रो येतो कुठे? इथे फसलेला थ्रो कुठे जाऊन पडतो ते आधी बघायचं, आणि तिथे काही वावगं नाही ना याची खात्री करून मगच बास्केट रोवायची. तुमच्या जागेत चारही बाजूंना काही ना काही आहे, त्यामुळे हे जास्तच जपावं लागेल.

उजव्या हाताने, छातीसमोरून बॅकहँड फेकणारा माणूस घ्या. पाहुण्यांतले बहुतेक तसेच फेकणार. वरून पाहिलं तर डिस्क घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, आणि वेग मंदावला की डावीकडे कलते. नवख्याच्या थ्रोला मुळात वेग कमी, त्यामुळे हे कलणं लवकर आणि ठळक होतं. शंभरातले बहुसंख्य थ्रो डावीकडे जाऊन अलगद बसतात. त्यांच्यापासून धोका नाही, ते हळू येतात. धोका असतो तो बोटं उशिरा सुटलेल्या थ्रोचा. पकड घट्ट, अंग जोरात फिरवलं, डिस्क वेळेवर सुटली नाही, की ती उजवीकडे जाते, आणि तीही पूर्ण ताकदीने, सपाट. कधीकधी टीच्या रेषेला अगदी काटकोनात. म्हणून वाट बघणाऱ्यांना फेकणाऱ्याच्या उजव्या हाताला कधीही उभं करू नका. मागे, दोन-तीन पावलं सोडून. माझ्याकडे पाहुणे येतात तेव्हा मी टीच्या मागे चुन्याची आडवी रेघ मारतो आणि ‘रांग इथे’ एवढंच सांगतो. समजावत बसलं तर कुणी ऐकत नाही, रेघ मात्र सगळे पाळतात.

यातून तुमच्या कोर्सची दिशा ठरते. घड्याळाच्या उलट्या दिशेने फेरी मारा. घरापासून निघून दक्षिणेच्या अंगाने पूर्वेकडे ओढ्यापर्यंत जा, तिथे उत्तरेला वळा आणि उसाच्या अंगाने परत घराकडे या. असं केलं की डावी बाजू कायम आतली, आंब्यांची. डावीकडे कललेले सगळे थ्रो तुमच्याच माळावर, झाडांखाली पडतात. उलट फिरवलात तर तेच थ्रो एका अंगाला उसात आणि दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याच्या भुईमुगात जातील. आठवड्याभरात शेजारी बोलायला येईल, आणि त्याचं चूक नसेल.

या दिशेचा आणखी एक फायदा. आपल्याकडे वारा बहुतेक करून पश्चिमेचा, उन्हाळ्यात दुपारनंतर जोर धरणारा आणि पावसाळ्यात तर माळावर उभं राहू न देणारा. समोरून वारा असला की डिस्कचं नाक जरा वर असलं तरी ती पतंगासारखी चढते आणि फेकणाऱ्याच्याच जवळ परत येते. पहिल्याच थ्रोला असं झालं तर माणूस म्हणतो, हे आपल्याला जमायचं नाही. पूर्वेकडे फेकताना वारा पाठीशी असतो. डिस्क लवकर खाली बसते, पण पुढे जाऊनच बसते. शिवाय पाहुणे खेळणार संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर. तेव्हा सूर्यही पाठीशी. डोळ्यांवर सूर्य आला की डिस्क हवेत दिसत नाही आणि ती शोधण्यातच अर्धा वेळ जातो.

पहिला होल ४० मीटर. टी घरापासून तीसएक मीटर पुढे आणि भुईमुगाच्या बांधापासून वीस मीटर आत. वाटेत काहीही नको. झाड नको, दगड नको, वळण नको. टीवरून बास्केट पायापासून डोक्यापर्यंत दिसली पाहिजे. या होलचं काम एकच: माणसाला साखळीचा आवाज लवकरात लवकर ऐकवायचा. तो खळ्ळ आवाज एकदा आला की पुढचे पाच होल लोक आपणहून खेळतात.

दुसरा ५५ मीटर, तुमच्याकडचा सगळ्यात लांब. एरवी नवख्यांना एवढा लांब होल मी देत नाही, पण इथे उतार आहे आणि वारा पाठीशी आहे, त्यामुळे झेपतो. उतारावर डिस्क हवेत जास्त वेळ राहते आणि कुणालाही आपण लांब फेकल्यासारखं वाटतं. ते सुख एकदा द्यावं. फक्त बास्केट उतारावर रोवू नका. बास्केटला लागून डिस्क कडेवर उभी पडली की चाकासारखी ओढ्यापर्यंत पळत जाते. बास्केटभोवती तीन-चार मीटरचा सपाट गोल मुरूम टाकून करून घ्या, आणि ओढ्याकडच्या कडेला घमेलंभर दगडांची वीतभर उंच ओळ लावा. पाण्यात पडलेली डिस्क बहुधा बुडते. पावसाळ्यात ओढा भरून वाहत असताना हा आणि पुढचा तिसरा, हे दोन होल बंदच ठेवलेले बरे.

तिसरा ३२ मीटर, दक्षिणेकडून उत्तरेकडे, आडव्या वाऱ्यात. लहान ठेवायचा तो ओढा उजव्या हाताला येतो म्हणून. चौथा ४० आणि पाचवा ३५ मीटर, दोन्ही पश्चिमेकडे, चढाला आणि समोरच्या वाऱ्यात. मापाने छोटे दिसतात, पण हातांना दुसऱ्या होलएवढेच जड जातात. संध्याकाळचा सूर्य इथे समोर येणार, त्याला इलाज नाही. निदान पाचव्याची टी आंब्याच्या सावलीत येईल अशी बसवा. चौथ्याला एक आंबा डावीकडून थोडा आत घ्या, म्हणजे बास्केट झाडाच्या उजवीकडून दिसेल आणि ज्याला थोडं जमायला लागलंय त्याला झाडाला वळसा घालून डावीकडे कलणारा थ्रो टाकायची संधी मिळेल. नवखा सरळ उजवीकडून खेळेल. दोघांचं भागतं.

सहाव्यावर मी बराच विचार केला. शेवटची बास्केट ओसरीसमोर हवी, कारण तिथे चहा घेत बसलेली माणसं बघतात, टाळ्या पडतात, आणि बघणाऱ्यांतलेच पुढच्या फेरीला उभे राहतात. पण उत्तरेकडून दक्षिणेकडे फेकताना घर नेमकं उजव्या हाताला येतं, म्हणजे तो उशिरा सुटलेला थ्रो सरळ खिडकीत. म्हणून हा होल २५ मीटरच ठेवा, पळत येऊन फेकायला बंदी करा, पाय रोवून उभ्यानेच टाकायचं, आणि टीच्या उजव्या अंगाला आठ फूट उंच शेडनेट मारा. पॉलिहाउसवाल्यांकडे जुनं शेडनेट मिळतं. दिसायला फार शोभिवंत नाही, पण त्यावर वेल चढवता येतो.

सगळे मिळून २२७ मीटर झाले. मुद्दाम बेरीज देतोय. तुमच्या घरातलं कुणीतरी म्हणेलच, एवढंसं काय! म्हणू द्या.

एका होलची बास्केट आणि पुढची टी यांत दहा-बारा मीटर चालायला लागलं पाहिजे, पण पुढची टी बास्केटच्या थेट मागे नको. जोरात गेलेल्या डिस्क तिथेच जातात. बाजूला, आतल्या अंगाला घ्या. दोन होल एकमेकांना छेदता कामा नयेत, आणि उसाला पाणी द्यायला जाणाऱ्यांची, जनावरांची रोजची वाट कुठल्याही होलमधून जाता कामा नये. आज तशी जात असेल तर आधी वाट बदला, होल नंतर आखा. गडी माणसं पाहुण्यांसाठी थांबणार नाहीत आणि थांबूही नयेत.

उसाचं स्वतंत्र बोलायला हवं, कारण कोल्हापुरात कुठेही कोर्स करा, ऊस शेजारी असणारच. उसात गेलेली डिस्क ही गेलीच समजा. पात्यांनी हात चिरतात ते वेगळंच, पण खरी भीती घोणशीची. पोरांना उसात अजिबात सोडायचं नाही. उसाच्या अलीकडे चार मीटरवर पांढरी दोरी किंवा रंगवलेल्या दगडांची रांग टाका. रांगेपलीकडे डिस्क गेली की ती बाहेर: एक थ्रो दंड, आणि जिथून आत गेली त्या रेषेवरून नव्या डिस्कने पुढे खेळायचं. आतली डिस्क घरचं माणूस सकाळी बूट घालून, काठी घेऊन काढेल. तोड झाली की राहिलेल्या डिस्क पाचटातून आपोआप वर येतात; आडसाली, म्हणजे दीड वर्षाने तुटणारा ऊस असेल तर तेवढी वाट बघा.

गवताचं भान ठेवा. पाऊस संपला की आपल्या माळांवर कुसळ वाढतं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाहुण्यांचे मोजे, पोरांच्या विजारी कुसळांनी भरून जातात. शिवाय डिस्क गवतात तिरकी घुसली की दोन फुटांवरून दिसत नाही. कुसळ पिकायच्या आत कापून घ्या, निदान होलच्या पट्ट्यात आणि डाव्या अंगाला. उरलेल्या माळावर जनावरं सोडली तरी चालेल. बाभूळ असेल तर ती पट्ट्यातून काढाच; काटा पायात आणि डिस्क फांदीत, दोन्ही ताप.

आणि आंबा. मोहोर आल्यावर डिस्क झाडात जाऊ लागल्या तर कोर्स घरातूनच बंद पडेल हे मी अनुभवाने सांगतो. जानेवारीपासून फळं उतरेपर्यंत चौथ्याची बास्केट झाडापासून लांब सरकवा. कोवळ्या झाडांच्या खोडांना गोणपाट गुंडाळा, डिस्कच्या माराने साल सोलते.

बास्केट सरकवायची म्हटलं की ती कशी रोवायची हा प्रश्न येतो, आणि तिथे लोक पैसे घालवतात. काँक्रीटमध्ये थेट खांब गाडू नका. खांबापेक्षा किंचित मोठ्या व्यासाचा दीड-दोन फूट पाईप काँक्रीटमध्ये बसवा, तळाला पाणी झिरपायला खडी टाका, आणि खांब त्यात वरून सोडा. आडवं भोक पाडून कुलूप लावा. प्रत्येक होलला असे दोन पाईप दोन जागी बसवले की बास्केट हवी तेव्हा हलवता येते. गवत एकाच जागी तुडवलं जात नाही आणि नेहमीच्या पाहुण्यांना होल नवा वाटतो.

पण हे सगळं नंतर. आधी तीन-चार महिने डिस्क सोडून काहीही विकत घेऊ नका. सहा बांबू उभे करा, गुडघ्याच्या वर ते छातीपर्यंतच्या उंचीवर लाल कापड गुंडाळा, आणि कापडाला डिस्क लागली की होल पूर्ण. ओक ग्रोव्हला खांबांवरच सुरुवात झाली होती, तुमच्याकडे व्हायला हरकत नाही. वाद झाला तर होऊ द्या. पाहुण्यांना खेळू द्या आणि तुम्ही फक्त बघा. पहिल्या थ्रोची डिस्क जिथे पडेल तिथे प्रत्येक वेळी एक छोटी खुंटी ठोका. महिन्याभरात प्रत्येक होलवर खुंट्यांचा पुंजका दिसेल, आणि तो जवळजवळ कधीच तुम्ही कल्पना केली होती तिथे नसतो. तो पुंजका बांधाकडे सरकत असेल तर टी फिरवा. बांबू उपटायला दोन मिनिटं लागतात, काँक्रीट फोडायला ब्रेकर लागतो.

जागा पक्क्या होत आल्या की बास्केट. बाहेरून मागवलेली चांगली बास्केट महाग पडते, आणि सहा म्हटल्यावर तोच सगळ्यात मोठा खर्च. कोल्हापूरकरांना मात्र हे सोपं आहे. शिवाजी उद्यमनगरात पाईप वाकवणारे, जाळ्या वेल्ड करणारे हवे तेवढे मिळतील. नुसतं चित्र दाखवू नका. दुमडणारी एक चालू बास्केट विकत घ्या आणि नमुना म्हणून तीच कारागिरासमोर ठेवा. तिच्या खालच्या टोपलीची कड जमिनीपासून साधारण ८० सेंटिमीटरवर असते आणि टोपलीचा व्यास ६५ सेंटिमीटरच्या आसपास. टोपलीच्या तळाची जाळी इतकी बारीक हवी की डिस्क आडवी-उभी कशीही पडली तरी निसटू नये.

कारागीर बाकी सगळं नीट करेल, गडबड साखळीत होते. आपल्याकडचा चांगला फॅब्रिकेटर कुठलीही गोष्ट मजबूत करायला बघतो. तो जाड साखळी आणेल आणि खालच्या कड्याला ताणून वेल्ड करून देईल. अशा बास्केटवर डिस्क आदळते आणि उडून परत येते, भिंतीवर मारल्यासारखी. साखळी सैल लोंबती हवी. डिस्क आत शिरली की साखळ्या मागे झुलतात, तिचा वेग खातात, आणि ती खांबाला टेकून सरळ खाली टोपलीत पडते. बाहेरच्या कड्यावर बारा आणि आतल्या लहान कड्यावर सहा साखळ्या लोंबत्या सोडा, खालची टोकं खांबाशी एका कडीत सैल गोळा करा. तिथेच उभे राहून तीन मीटरवरून दहा डिस्क मारा. आठ आत राहिल्या तर साखळी बरोबर. नाही तर दोन-दोन कड्या वाढवून घ्या. दुकानदार चहा सांगेल, घाई करू नका.

गंज ही दुसरी गोष्ट. आपल्याकडच्या पावसात नुसता रेड ऑक्साइड आणि रंग दोन वर्षं काढेल की नाही शंका आहे. परवडत असेल तर हॉट डिप गॅल्वनायझिंग (वितळलेल्या जस्तात बुडवून मुलामा) करून घ्या, साखळी तर गॅल्वनाइज्डच आणा. वेल्डिंगची टोकं, तारांचे काटे ग्राइंडरने मारून घेतल्याशिवाय बास्केट ताब्यात घेऊ नका. पोरं डिस्क काढायला कोपरापर्यंत हात घालतात.

टीला फार नटवू नका. दीड मीटर रुंद आणि तीन मीटर लांब सपाट जागा पुरते. शहाबादी फरशी घालू नका, पहिल्या पावसात कुणीतरी कमरेवर आपटेल. जांभ्याला पकड चांगली असते, पण सावलीत त्यावर शेवाळ धरतं. मुरूम दाबून त्यावर साखर कारखान्यातला किंवा भंगारातला जुना कन्व्हेअर पट्टा अंथरा, कडा जमिनीत दाबा. पट्ट्याची कड जमिनीशी सपाट हवी, नाहीतर फेकून पुढे पाऊल टाकताना घोटा मुरगळतो. काँक्रीट करणार असाल तर ओलं असतानाच झाडू मारून पृष्ठभाग खरखरीत ठेवा.

डिस्कबद्दल तुम्ही विचारलंत की ‘सगळ्यात लांब जाणारी कुठली’. लांब जाणारी घेऊच नका. डिस्क ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात: जवळून बास्केटमध्ये टाकायचा पुटर, मधल्या पल्ल्याची मिडरेंज आणि लांब पल्ल्याचा ड्रायव्हर. ड्रायव्हरची कड पातळ, धारदार असते आणि ती लांब जाण्यासाठी मुळात जोरात फेकावी लागते. तेवढा वेग नवख्याच्या हातात नसतो; ती डिस्क वीस मीटरवर डावीकडे कोसळते आणि शिवाय लागली तर जास्त लागते. डिस्कवर बहुधा चार आकडे छापलेले असतात, त्यातला पहिला वेगाचा. तो ५ च्या वर असलेली एकही डिस्क ठेवू नका. पुटर आणि थोड्या मिडरेंज, बस. मोठ्यांना १६५ ते १७५ ग्रॅम, पोरांना १५० च्या आसपासच्या. प्रत्येकाला एकच पुटर दिला तरी २२७ मीटरचा हा कोर्स आरामात होतो.

रंगही बघून घ्या. पावसाळ्यात माळ हिरवा, त्यामुळे हिरवी नको हे सगळ्यांना कळतं. पण डिसेंबर ते मे माळ पिवळा-तपकिरी असतो, तेव्हा पिवळी आणि नारिंगीही हरवते. गुलाबी आणि निळी दोन्ही ऋतूंत दिसतात. मे महिन्यात बंद गाडीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये डिस्क ठेवू नका, उन्हाने कड वाकडी होते आणि मग ती कुणाच्याच हाताने सरळ जात नाही.

नियम पाहुण्यांना मोजकेच सांगा. जिथे डिस्क पडली तिथे तिच्या मागे पाय ठेवून पुढचा थ्रो. बास्केटपासून लांब असलेला आधी फेकणार, बाकीचे त्याच्या मागे. डिस्क साखळीत किंवा टोपलीत राहिली तर होल पूर्ण, बास्केटच्या छपरावर जाऊन बसली तर नाही. सहा थ्रो झाले की डिस्क उचला आणि पुढे चला. हा शेवटचा माझा स्वतःचा, स्पर्धेतला नाही. नाहीतर एखादं पोर नवव्या थ्रोला रडायला लागतं. बास्केटपासून दहा मीटरच्या आत थ्रो करून तोल सावरल्याशिवाय पुढे यायचं नाही असा खरा नियम आहे, पण कुटुंबांना तो शिकवत बसू नका. आजी-आजोबा असतील तर जोड्या लावा: दोघांनी फेकायचं, दोघांतली चांगली डिस्क निवडायची, दोघांनीही तिथूनच पुढचा थ्रो करायचा. आजीच्या बारक्या पुटने, म्हणजे जवळून टाकलेल्या थ्रोने, नातवाचा होल वाचतो, आणि जेवताना त्याचीच चर्चा चालते.

आता राहिले तुमच्या गावचे तरणे. ते येणारच, आणि चाळीस मीटर बघून हसणारच. तालमीतला एक पोरगा माझ्याकडे आला होता, दंड म्हणजे माझ्या मांडीएवढा. पहिलाच थ्रो त्याने आख्खं अंग घुसळून केला. डिस्क आभाळाकडे गेली, वर जाऊन थबकली आणि डावीकडे झुकत झुकत अठरा-वीस मीटरवर टेकली. पुन्हा तेच, आणखी जोरात, आणखी जवळ. त्याला म्हटलं, भावा, निम्मा जोर लाव आणि डिस्कचं पुढचं टोक खाली दाब. तिसरी डिस्क बास्केटपाशी गेली. जोर या खेळात सगळ्यात शेवटी लागतो, पण हे त्यांना सांगून पटत नाही, एकदा दाखवावं लागतं.

अशांसाठी अख्खा कोर्स लांबवू नका. दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या होलला मागे किंवा तिरकी अशी दुसरी टी काढा, पंधरा ते वीस मीटर जास्त, फक्त चुन्याची चौकट. बाकी तिघांना अंतर तेच ठेवून कोन बदला. पाहुण्यांच्या दुसऱ्या फेरीलाही याच टी. चौथ्याच्या मागच्या टीवरून ऊस उजवीकडे जवळ येतो, तेव्हा तिथे कोण फेकतंय यावर लक्ष ठेवा. पाहुणे मैदानात असताना तरण्यांची फेरी नको, हे पहिल्या दिवशीच स्पष्ट करा.

हेच सगळं वाचून नदीकाठच्या जमिनीवर करायचा कुणाचा विचार असेल, म्हणजे आंबेवाडी-चिखलीकडच्या बाजूला, तर पक्कं काहीही बसवू नका. पंचगंगेच्या पुराने २०१९ आणि २०२१ ला काय केलं ते तिथल्यांना सांगायला नको. काळ्या रानात पावसाळ्यात टी उभीच राहत नाही, आणि गाळाखाली गेलेले पाईप शोधत बसावं लागेल. तिथे दुमडणाऱ्या बास्केट, दिवाळी ते मे एवढाच खेळ, जूनच्या आत सगळं घराच्या माळ्यावर.

तुमच्या माळावर मात्र कामाचा क्रम असा ठेवा. दसऱ्याच्या आसपास गवत कापून बांबू उभे करा, दिवाळीच्या सुट्टीत पाहुण्यांची गर्दी असते तेव्हा खुंट्या ठोकायला सुरुवात करा. फेब्रुवारीपर्यंत जागा ठरतील. मार्चमध्ये पाईप गाडा, म्हणजे काँक्रीटला पाणी मारायला विहिरीत पाणी असतं. उद्यमनगरात ऑर्डर जानेवारीतच देऊन ठेवा. मार्चअखेरीला तिथे कुणी तुमच्या सहा बास्केटकडे बघणार नाही. आणि नमुन्याची ती दुमडणारी बास्केट परत आणायला विसरू नका. ती अंगणात ठेवा, ज्यांना चालणं होत नाही ते तिच्यावर तीन-चार मीटरवरून पुटिंग करत बसतील.